केसपेपरवर नुसतं ‘मजुरी’ लिहू नका

आपल्या वस्तीतला माणूस मेडिकलला, मेयोला किंवा जवळच्या मनपाच्या दवाखान्यात गेला की केसपेपर काढताना नाव, वय, पत्ता विचारतात. काम काय करता, असं विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं : मजुरी. खताच्या कारखान्यात बारा वर्षं पोती भरणारा, इमारतीवर विटा वाहणारा आणि भाजीबाजारात हमाली करणारा, तिघांच्याही कागदावर तोच एक शब्द. पुढे त्याचा खोकला टी.बी.च्या खात्यात जातो, धाप दम्याच्या खात्यात, पाठ वयाच्या खात्यात आणि जे काही उरेल ते दारूच्या खात्यात. कारखान्याच्या खात्यात काहीच जमा होत नाही.

आम्ही नर्सिंग शिकलो, वॉर्डात दिवसरात्र ड्युट्या केल्या आणि आता वस्त्यांमध्ये फिरतो. आमचं म्हणणं सरळ आहे. खताच्या कारखान्यांत, गोदामांत आणि मालधक्क्यांवर राबणाऱ्या आपल्या माणसांचा आजार हा कामाचा आजार आहे, हे कागदावर आलं पाहिजे. ते कागदावर येत नाही तोवर भरपाई मिळणार नाही आणि आजार थांबणारही नाही.

नागपूरच्या भोवती बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर इथे औद्योगिक वसाहती आहेत. विदर्भ कापूस, सोयाबीन, धान आणि संत्र्याचा मुलूख. त्यामुळे पेरणीच्या आधी मे-जूनमध्ये खताची उलाढाल वाढते. रेल्वेच्या रेक येतात, ट्रक लागतात, गोदामं भरतात. ऊन ४५ अंशांच्या आसपास असताना आपली माणसं तेव्हा पोती उचलत असतात. युरियाचं पोतं ४५ किलोचं, डीएपीचं ५० किलोचं. एका माणसाने दिवसाला युरियाची २०० पोती हलवली तर ९ टन वजन त्याच्या मणक्यावरून जातं. चाळिशीत त्याला वाकता येत नाही, तेव्हा घरचे म्हणतात, वय झालं.

या कामात आपलीच माणसं का जास्त दिसतात, हाही प्रश्न विचारायला हवा. मुंबईच्या कापडगिरण्यांत एकेकाळी अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत. तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचं कारण पुढे केलं जाई. विणाईला पगार जास्त होता. बाबासाहेबांनी हा अन्याय १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात उघडपणे मांडला. आज कोणी दारावर पाटी लावून आपल्याला अडवत नाही. पण कारखान्यात कंट्रोल रूममध्ये कोण बसतं आणि हॉपरखाली खोरं घेऊन कोण उभं राहतं, एवढं पाहून या. कायम कामगार कोण आणि ठेकेदाराचा माणूस कोण, तेही पाहा. सांडलेलं खत झाडून गोळा करणाऱ्या आणि पोत्यांना टाके घालणाऱ्या बाया कुठल्या वस्तीतून येतात, तेही विचारा.

आता कामात शरीराचं काय होतं ते समजून घेऊ.

सुपर फॉस्फेट करायला रॉक फॉस्फेट नावाचा दगड दळतात आणि त्यात सल्फ्युरिक ॲसिड घालतात. दळताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ही धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथे व्रण धरतात. याला सिलिकोसिस म्हणतात. त्यात खोकला, धाप, वजन घटणं, छातीत दुखणं, सगळं टी.बी.सारखंच असतं. एक्स-रेमध्येही डाग दिसतात. डॉक्टरला काम माहीत नसेल तर तो टी.बी.च्या गोळ्या सुरू करतो. रोग्याने सहा महिन्यांचा कोर्स प्रामाणिकपणे पुरा केला तरी धाप जात नाही, कारण रोगाचं मूळ वेगळं असतं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सिलिकोसिस झालेल्याला टी.बी. होण्याचा धोका जास्त असतो आणि दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. म्हणून कोणीही स्वतःच्या मनाने टी.बी.च्या गोळ्या बंद करू नयेत. डॉक्टरला आपलं काम सांगावं आणि फुप्फुसाची तपासणी मागावी.

दगडावर ॲसिड पडलं की फ्लोराइडचे वायू निघतात. ते नाक-घसा जाळतात. वर्षानुवर्षं थोडं थोडं फ्लोराइड अंगात गेलं तर हाडं आणि सांधे आखडतात, पाठ वाळक्या लाकडासारखी ताठ होते. आपल्या चंद्रपूर, यवतमाळकडच्या कित्येक गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथून आलेला माणूस अशा कारखान्यात लागला तर त्याला गावच्या पाण्यातून आणि कामाच्या हवेतून, असा दोन्हीकडून फ्लोराइड मिळतो.

नत्राच्या खतात अमोनिया असतो. हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया ही आठ तासांच्या कामासाठी कायद्याने धरलेली मर्यादा आहे. ३०० भाग झाले की जिवाला धोका. वास आला की कळेलच, असं कामगार म्हणतात. पण रोज वास घेणाऱ्या नाकाला त्याची सवय होते आणि वाढलेला वायू लवकर कळत नाही. “काई नाई होत ताई, सवय हाये,” हे वाक्य आम्ही वस्तीवस्तीत ऐकतो. सवय नाकाला झालेली असते, फुप्फुसाला आणि डोळ्यांना होत नाही. अमोनिया ओल्या जागी चटकन विरघळतो, म्हणून डोळे, घसा आणि श्वासनळी आधी जळतात. डोळ्यात गेला तर तो ॲसिडपेक्षाही खोल शिरतो आणि दृष्टी जाऊ शकते.

नायट्रिक ॲसिड जिथे वापरतात तिथला तांबूस धूर सगळ्यात फसवा. तो श्वासात गेला तर माणसाला थोडा खोकला येतो, मग बरं वाटतं, तो घरी येऊन जेवून झोपतो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरतं आणि दम कोंडतो. अशा माणसाला ‘आराम कर, ठीक होईल’ म्हणून घरी ठेवू नका. त्याला दवाखान्यात न्या, कुठला वायू लागला ते सांगा आणि निदान दोन दिवस लक्षाखाली ठेवा.

सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या छोट्या युनिटमध्ये झिंक सल्फेट करताना जस्ताची राख वापरतात. त्या राखेत शिसं आणि कॅडमियम असू शकतं. शिशामुळे रक्त कमी होतं, पोटात कळा येतात, हातपाय बधिर होतात, गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला इजा होते. हे शिसं कपड्यांवर बसून घरी येतं. नवऱ्याचे कामाचे कपडे बायको लेकरांच्या कपड्यांसोबत धुते, तेव्हा लेकरूही त्या कारखान्यात कामाला लागल्यासारखंच असतं. कामाचे कपडे तिथेच बदलले पाहिजेत आणि तिथेच आंघोळीला पाणी मिळालं पाहिजे, ही मागणी चैनीची नाही.

मालक किंवा मुकादम काही ठिकाणी गूळ देतो, काही ठिकाणी दूध. धूळ निघून जाते म्हणतात. गूळ अन्ननलिकेने पोटात जातो, धूळ श्वासनळीने फुप्फुसात जाते. दोन रस्ते वेगळे आहेत. गूळ खा, पण गूळ मिळाला म्हणून मास्कचा हक्क सोडू नका. तोंडाला बांधलेला रुमाल मोठी धूळ अडवतो, बारीक धूळ अडवत नाही आणि वायू तर मुळीच नाही. बारीक धुळीसाठी वेगळा मास्क लागतो आणि वायूसाठी डबी असलेला मास्क लागतो. आणि मास्क ही शेवटची गोष्ट. आधी यंत्राला झाकण हवं, धूळ ओढून घेणारा पंखा हवा, गळका पाइप दुरुस्त हवा. ४५ अंशांत आठ तास मास्क घालून पोती उचलून दाखवा म्हटलं तर तो देणारा साहेबही अर्ध्या तासात काढेल.

मोठी दुर्घटना झाली की वर्तमानपत्रात येतं. २०२० च्या डिसेंबरात उत्तर प्रदेशातल्या फुलपूरच्या इफ्को कारखान्यात अमोनियाची गळती होऊन दोन अधिकारी गेले. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी अलिबागजवळ थळच्या आरसीएफ कारखान्यात स्फोट होऊन तिघांचा जीव गेला. २१ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या शाळगाव एमआयडीसीत एका खत कारखान्यात वायुगळती झाली, त्यात तिघे गेले आणि त्यांत दोन महिला होत्या. अशा वेळी मंत्री येतात, चौकशी लागते. पण जो माणूस वीस वर्षं थोडा थोडा मरतो त्याची चौकशी कोण लावणार? त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘श्वसनक्रिया बंद’ एवढंच असतं.

कारण कागदावर आलं की काय होतं, हे आपण यवतमाळात पाहिलं आहे. २०१७ च्या पावसाळ्याच्या शेवटी कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर शेकड्याने दवाखान्यात आले, २० हून अधिक दगावले. शेतमजूर काही पहिल्यांदा विषाने पडत नव्हते. पण त्या वर्षी यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात एकामागून एक रोग्याची नोंद फवारणीतून विषबाधा म्हणून झाली आणि आकडा लपवता आला नाही. विशेष तपास पथक नेमावं लागलं, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, मृतांच्या घरच्यांना २ लाखांची मदत जाहीर झाली. गेलेली माणसं परत आली नाहीत. पण सरकारला उत्तर द्यावं लागलं. खत कामगारांच्या बाबतीत असा आकडाच तयार होत नाही.

इटलीतले डॉक्टर रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं आणि डॉक्टरांना सांगितलं की रोग्याला इतर प्रश्न विचारता तसा त्याचा धंदाही विचारा. तीनशेहून अधिक वर्षं झाली. आपल्या ओपीडीत एका रोग्याला दोन मिनिटं मिळतात आणि हा प्रश्न राहून जातो. डॉक्टरच्या मागे रांग असते, हे आम्ही आतून पाहिलं आहे. म्हणून त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका, आपणच सांगा. ‘मजुरी’ म्हणू नका. ‘सुपर फॉस्फेटच्या कारखान्यात पोती भरतो, नऊ वर्षं झाली, धूळ असते’ असं म्हणा आणि ते केसपेपरवर लिहून घ्या. लिहिलं नाही तर नम्रपणे, पण पुन्हा सांगा.

यामागे कायदा उभा आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला प्रा. अडारकर यांना नेमलं गेलं आणि त्यातून पुढे १९४८ चा कामगार विमा कायदा आला. कारखान्यातला कामाचा आठवडा ४८ तासांवर आणण्याची दुरुस्तीही १९४६ चीच. १९४८ च्या कारखाना कायद्यात नोंद करण्याजोग्या रोगांची यादी आहे. सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, नायट्रस धुराची विषबाधा, रसायनाने होणारा त्वचारोग तिच्यात आहेत. असा रोगी आढळला तर डॉक्टरने सरकारला कळवायचं असतं. त्याच कायद्यात १९८७ साली, भोपाळनंतर, धोकादायक उद्योगांची यादी जोडली गेली. तिच्यात खत उद्योग आहे आणि मिश्रखतही आहे. म्हणून ‘आमचं छोटं युनिट, नुसतं मिसळतो’ ही सबब चालत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात नेमणूकपत्र सगळ्यांना बंधनकारक आहे. धोकादायक कामात एक कामगार असला तरी विमा द्यावा लागेल, असं सरकारने सांगितलं आहे. या दोन गोष्टी आपण घट्ट धरून ठेवल्या पाहिजेत. पण वीज वापरणारा कारखाना ‘कारखाना’ ठरायला आधी १० कामगार लागत, आता २० लागतात. दरवर्षीच्या मोफत तपासणीसाठी चाळिशी ओलांडलेल्यांचं नाव पुढे केलं जातं. आपली पोरं विशीत कामाला लागतात. चाळिशीपर्यंत थांबलो तर तपासायला निरोगी फुप्फुस उरणार नाही. धोकादायक उद्योगात कामाला लावण्याआधी आणि नंतर दर वर्षी तपासणी, ही जुनी तरतूद आपण सोडता कामा नये.

महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याच्या पगारातून विम्यासाठी पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. १२ हजार पगार असेल तर आपले ९० रुपये. ठेकेदाराने भरले नाहीत तर जबाबदारी मुख्य मालकाची. कामाच्या आजाराला कामावरच्या अपघातासारखंच धरतात. कामावर जाता येत नसेल तोवर पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो आणि कामगार दगावला तर घरच्यांना निवृत्तिवेतन. पण त्यासाठी आजार कामाचा आहे हे कागदावर हवं. म्हणून सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात जाताना विमा क्रमांक आणि जुने कागद सोबत न्या. पगारातून पैसे कापले जातात पण कार्ड हातात नाही, अशी कितीतरी घरं आम्हाला भेटतात. त्यांनी आधी तो क्रमांक मागून घ्यावा.

कोणी म्हणेल, ताई, बोललं तर उद्या कामावरून काढतील, मग खाणार काय? ही भीती खरी आहे. एकट्याने मुकादमाशी भांडायला आम्ही कोणाला सांगणार नाही. म्हणूनच हे काम विहारातून व्हावं असं आम्हाला वाटतं. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. महिला मंडळातल्या लिहिता-वाचता येणाऱ्या बहिणींनी ती सांभाळावी. कोण कुठल्या खात्यात काम करतं, किती वर्षं, पोत्यावर काय छापलं आहे, काय त्रास होतो, कधीपासून, एवढं लिहावं. जुने एक्स-रे आणि चिठ्ठ्या फेकू नयेत. एकाच कारखान्यातल्या दहा जणांना एकच त्रास आहे असं वहीत दिसलं, तर तो अर्ज एका माणसाचा राहत नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं कार्यालय नागपुरात आहे. तिथे संघटनेच्या नावाने अर्ज जातो, कामगाराचं नाव पुढे करावं लागत नाही.

आणि काही गोष्टी घरातल्या सगळ्यांना पाठ हव्यात. वायू सुटला तर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, पण गळतीच्या जागेला बगल देऊन जा. अमोनिया असेल तर नाकातोंडावर ओलं फडकं धरा. डोळ्यात, अंगावर गेलं तर साध्या पाण्याने १५ ते २० मिनिटं धुवा. ॲसिडवर चुना लावू नका, तेल-हळद लावू नका. टाकीत किंवा हॉपरमध्ये कोणी बेशुद्ध पडला तर त्याला काढायला तसंच आत उतरू नका. आजवर कित्येक ठिकाणी एकाला वाचवायला गेलेले दोघेतिघे गेले आहेत.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की अर्धा तास थांबा आणि वही उघडा. पहिल्या पानावर आपल्या वस्तीतल्या खत कामगारांची नावं लिहा. जे गेले त्यांचीही लिहा आणि ते काय काम करत होते ते नावापुढे लिहा.